जिन्याखालची सोतर्न

इंदिरानगरातल्या आमच्या घराला बाहेरून जिना आहे. त्या जिन्याखाली बरीच वर्षं एक फ्रेंच वाइन राहत होती. मी असं म्हटलं की माझी बहीण हसते. म्हणते, "अगं, भाडेकरू ठेवल्यासारखं काय सांगतेस?" भाडेकरू नव्हती. भाडेकरूला आम्ही इतकं जपलं नसतं.

वाइन सांभाळली माझ्या यजमानांनी, आणि तिच्याविषयी बोलत राहिले मी. आमच्या संसारात कामांची वाटणी बहुतेक अशीच होती.

यजमानांचं नाव जयराम. समोर असताना मी ते कधी घेतलं नाही. पण कागदावर सारखं 'हे' आणि 'ह्यांनी' लिहिलं तर वाचणाऱ्याची पंचाईत होईल, म्हणून घेते. ते मूळचे चांदवडकडचे. घरचा कांदा, घरची विहीर, आणि शाळा संपल्यावर सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी. तिथे ते स्टोअरकीपर होते. दुसऱ्याच्या वस्तू सांभाळायच्या आणि मागेल त्याला मागेल तेव्हा काढून द्यायच्या, हे काम त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की शेजाऱ्यांनी गावाला जाताना किल्ली ठेवायला दिली, तर तिलाही ते दोऱ्याने चिठ्ठी बांधायचे. पाहुण्याची छत्री राहिली तर ती वाळवून, नीट मिटून, पुढच्या फेरीपर्यंत कपाटात. एक छत्री अजून तशीच आहे. पाहुणे वारले.

व्यसन कसलंही नाही. सुपारीसुद्धा नाही.

मी इगतपुरीची. वडील रेल्वेत होते, त्यामुळे कॉन्व्हेंटच्या शाळेत शिकले. तिथे सिस्टर ओदील नावाच्या फ्रेंच नन आम्हाला शिवण शिकवायच्या, आणि शिवता शिवता थोडं फ्रेंच. त्या थोड्या फ्रेंचवर मी जन्मभर मिजास केली. 'दार लोटून घ्या', 'सुई खाली पडली' आणि 'माझ्या काकूची शेळी पांढरी आहे' ही वाक्यं मला बिनचूक येत. रोज सगळं डायरीत लिहायची सवयही सिस्टरांचीच. कधी कुठली भाजी केली आणि कुणाला आवडली नाही, हे माझ्या डायऱ्यांतून आजही काढून देता येईल. अजून कुणी मागितलेलं नाही.

तर, बहात्तर साली कारखान्यात फ्रान्सहून मोठं यंत्र आलं आणि ते उभं करायला लाबोर्द नावाचे इंजिनियर आले. यंत्र उभं राहिलं, पण चालेना. एक रबरी चकती सापडत नव्हती. लोकांनी खोकी फोडली, एकमेकांना बोल लावले. शेवटी कुणीतरी स्टोअरमध्ये विचारलं. जयरामांनी ती चकती पहिल्याच दिवशी भुश्शातून उचलून, पुसून, पाकिटात घालून ठेवली होती. पाकिटावर लिहिलं होतं : 'कशाची ते माहीत नाही. कुणीतरी मागेल.'

त्या पाकिटावर लाबोर्द इतके खूष झाले की आमच्या क्वार्टरमध्ये जेवायला आले. मी आठवडाभर फ्रेंचची उजळणी केली होती. दारातच स्वागताची तीन वाक्यं म्हटली. त्यांनी ती अदबीने ऐकून घेतली आणि म्हणाले, "मॅडम, इंग्रजीत बोललात तर मला सोपं जाईल."

जेवताना त्यांची नजर आमच्या लताकडे गेली. लता तेव्हा पाच वर्षांची होती. जन्मसाल विचारलं. सदुसष्ट म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांचीही मुलगी सदुसष्टची. आणि सदुसष्ट हे त्यांच्या गावाकडच्या वाइनचं फार मोठं साल. ते बोर्दोजवळच्या सोतर्न भागातले. तिकडे मूल जन्मलं की त्या सालची बाटली घालून ठेवायची, आणि मूल मोठं झालं की त्याच्या लग्नात उघडायची, अशी काहींच्या घरी पद्धत. त्यांच्याही मुलीची बाटली घरी ठेवलेली होती. नाशिकचं काम संपल्यावर शेवटच्या दिवशी प्यायची म्हणून तसली एक बाटली त्यांनी सोबत आणली होती. दुसऱ्या दिवशी ती टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि जयरामांच्या हातात ठेवली.

मग त्यांनी त्या वाइनची माहिती सांगितली आणि मी ती मराठीत सांगत गेले. पानगळीच्या दिवसांत त्यांच्याकडे नदीवरून सकाळी धुकं येतं. द्राक्षांवर बुरशी धरते. मणी सुरकुततात, मनुकांसारखे होतात. मग ते वेचून वेचून खुडायचे आणि त्यांची ही वाइन करायची.

"बुरशी?" जयरामांनी मला थांबवलं. त्यांच्या चुलतभावांची पिंपळगावला द्राक्षबाग होती. "नीट विचार. बुरशी येऊ नये म्हणून फवारतात ना?"

मी विचारलं. लाबोर्द म्हणाले, नाही, ती यावी म्हणून वाट बघतात. एखाद्या वर्षी नाही आली तर रडतात.

"आमचे लोक ह्यांच्या गावच्या नावाचं बोर्डो औषध फवारून फवारून निळे झाले," जयराम म्हणाले, "आणि हे तिकडे बुरशीची वाट बघत बसलेत. हे भावाला सांगू नकोस, तो बाग तोडेल."

बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधारात, गारव्यात, हलवाहलव न करता. पहिली काही वर्षं ही वाइन नुसती गोड असते, सगळ्यांना आवडते. मधे ती घुमी होते, कुणाशी बोलत नाही. तेव्हा उघडली तर पस्ताल. विशीनंतर ती खरी स्वतःची होते. रंग आधी सोन्याचा, मग मधाचा, मग काळ्या चहाचा.

"तर मग दोन्ही मुलींच्या लग्नात दोन्ही बाटल्या उघडायच्या," लाबोर्द म्हणाले, "आणि चव कशी लागली ते एकमेकांना कळवायचं. कबूल?"

"कबूल," जयराम म्हणाले.

मला वाटलं, समोरच्याचं मन राखायला म्हणाले असतील. पण मन राखायला कबूल म्हणणं हा प्रकार त्यांना येत नव्हता.

पहिली अडचण कायद्याची. घरात दारू ठेवायची तर परमिट हवं. मी म्हटलं, एका बाटलीला कोण विचारतंय? पण बेकायदा माल जयराम एक दिवस ठेवणार नव्हते. प्रकृतीसाठी मद्याची गरज असलेला इसम म्हणून त्यांनी रीतसर परमिट काढलं आणि वेळच्या वेळी त्याचं नूतनीकरण करत राहिले. नाशिकमधले झाडून सगळे पिणारे त्या रांगेत भेटायचे. सुपारी न खाणाऱ्या माझ्या नवऱ्याला भर बाजारात लोक हाक मारायचे, "काय शेठ, संपली वाटतं?"

दुसरी अडचण दुष्काळाची. बहात्तर-त्र्याहत्तरला नळाला पाणी नाही आणि ही बाई गारव्यात राहणारी. मोरीशेजारी ओल्या वाळूच्या घमेल्यात तिला निजवली होती. जयराम स्वतः अर्ध्या बादलीत अंघोळ करायचे आणि भाज्या धुतलेलं पाणी सोतर्नला घालायचे. मी तिला 'सोतर्न' म्हणायचे. ते लेबल वाचून 'सौटर्नेस' म्हणायचे. मी दर वेळी सुधारायचे. दर वेळी ते "बरं" म्हणून पुन्हा तेच म्हणायचे. पुढे ओलीनं लेबल कुजून गेलं. माझं फ्रेंच खरं होतं याचा एकुलता एक पुरावा असा वाळूत मिसळला.

अठ्ठ्याहत्तरला आम्ही इंदिरानगरात घर बांधलं. तेव्हा तिथे बाभळी जास्त आणि घरं कमी. जयरामांनी घराआधी बाटलीची सोय पाहिली. उत्तरेच्या अंगाला, जिन्याखाली, जिथे ऊन येत नाही अशा जागी खड्डा घेतला. त्यात रांजण आडवा पुरला, रांजणात वाळू, वाळूत बाटली, तोंडावर फरशी आणि वर मातीचा ढिगारा. रोज सकाळी अंघोळ झाली की तांब्याभर पाणी त्या ढिगाऱ्यावर. मार्चअखेरीला कारखान्यात स्टॉक मोजायचे, तसा घरी एक दिवस ठरलेला. त्या दिवशी बाटली बाहेर काढायची, उजेडासमोर धरून बघायची आणि पुन्हा निजवायची. लाबोर्दनी हलवू नका म्हटलं होतं. पण मोजल्याशिवाय माल आहे असं मानणं जयरामांच्या धर्मात बसत नव्हतं.

मी शेजारी डायरी घेऊन उभी. 'रंग जुन्या सोन्यासारखा. स्वभावात गांभीर्य येत आहे,' असं मी लिहून ठेवलं आहे. बंद बाटलीच्या स्वभावात! लता तेरा-चौदाची झाली, घुमी झाली, दार लावून बसायला लागली, तेव्हा मी जेवताना म्हटलं, "लाबोर्दनी सांगितलंच होतं. या वयात तसंच होतं. विशीत मोकळी होईल."

लता ताटावरून उठली. "आई, मी बाटली नाही."

"बाटली तुझ्यापेक्षा शहाणी आहे," मी म्हटलं. "ती ताटावरून उठत नाही."

जयराम शांतपणे म्हणाले, "बाटलीला तू चार माणसांत घुमी म्हणत नाहीस."

घर झालं आणि त्यांच्या आत्याबाई, नवसाबाई, चांदवडहून आमच्याकडे राहायला आल्या. लहानपणी विधवा झालेल्या, भाच्यावर जीव. बाटलीचं त्यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं, कारण त्यांना सांगणं म्हणजे चांदवडच्या बाजारात दवंडी. सिस्टर ओदील सांगायच्या की खोटं बोलू नये. न विचारलेलं सांगावं, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

आत्याबाईंनी काही विचारलंच नाही. आठ दिवस त्यांनी पाहिलं की भाचा अंघोळ करून, ओल्या अंगाने, कुणाशी न बोलता जिन्याखालच्या ढिगाऱ्यावर तांब्याभर पाणी घालतो. त्यांना जे समजायचं ते त्या समजल्या. नवव्या दिवशी ढिगाऱ्यावर हळद-कुंकू होतं. पुढच्या मंगळवारी उदबत्ती. दिवाळीपर्यंत शेंदूर लावलेला एक गोल दगडही आला, आणि शेजारच्या एक बाई मुलाच्या परीक्षेच्या आधी त्याला जाईची फुलं वाहून गेल्या. मुलगा पास झाला. त्यानंतर तर विचारायला नको.

"सांगून टाकू," जयराम म्हणाले.

"सांगा की," मी म्हटलं. "म्हणावं, आत्या, तू दारूच्या बाटलीला कुंकू लावतेस. मग त्यांना डॉक्टरकडेही तुम्हीच न्या."

त्यांनी तांब्या उचलला. अशी बरीच वर्षं गेली. फ्रान्समधल्या कुठल्या तळघरातल्या बाटलीची इतकी पूजा झाली नसेल.

अठ्ठ्याऐंशी साली लताला सिन्नरचं स्थळ आलं. मुलगा चंदर तिथल्याच औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर. शांत, हसरा. दोघं एकमेकांना आवडली हे घरात सगळ्यांना कळलं होतं. फक्त त्या दोघांना वाटत होतं की कुणाला कळलेलं नाही. आता प्रश्न होता त्याच्या आईचा. चतुराबाई एकट्याच आल्या होत्या, चंदरला घेऊन. लुगडं नेसलेल्या, काटक, स्पष्ट बोलणाऱ्या. पोहे बाजूला सारून त्यांनी आधीच सांगितलं :

"मला हुंडा नको, मानपान नको. एकच इचारते. घरात पिणारं कोण हाय का? माझा मालक बाटलीनं नेला. पोराला मी हात धरून शपथ घातलीय. सोयरे बी तसेच पायजे. चांदवडला कुणीतरी बोललं, तुमच्याकडं परमिट हाय म्हनून."

जयरामांनी तोंड उघडलं. पण आत्याबाई आधी उठल्या.

"परमिट? माझ्या भाच्याला? अवं बाई, सुपारी खात नाय त्यो! सकाळच्या पारी देवाला पानी घातल्याबिगर चहा घेत नाय. या, दावते तुमास्नी."

आणि त्यांना हाताला धरून त्या जिन्याखाली घेऊन गेल्या. आम्ही मागून. चतुराबाईंनी ओला ढिगारा पाहिला, कुंकू पाहिलं, फुलं पाहिली. पदर घेतला, वाकल्या आणि कपाळ टेकवून नमस्कार केला. उठल्या तेव्हा डोळे भरले होते.

"बास," त्या म्हणाल्या. "परमिटवालं दुसरं कोन असंल. मला सून पसंत हाय. साखरपुड्याला येते तवा हितं नारळ फोडीन."

जयराम म्हणाले, "ताई, जरा ऐका—"

"चहा गार होतोय," मी म्हटलं, आणि सगळ्यांना आत घेतलं. असले प्रसंग सावरण्यात माझा हातखंडा होता. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं.

पाहुणे गेल्यावर जयराम ओट्यावर बसून राहिले.

"विमल, ज्याने त्यांचा नवरा नेला, त्याच्याच त्या पाया पडून गेल्या."

"त्यांना कुठे माहीत आहे?"

"म्हणूनच."

मी पुष्कळ वाद घातला. म्हटलं, त्या बाईने एकच अट सांगितली, आणि नेमकी तीच मोडणारी वस्तू तुम्ही खणून दाखवणार? मुलीचं जमलेलं लग्न मोडेल. हवं तर बाटली गुपचूप काढू, गोदावरीत सोडू, ढिगारा राहू दे. यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाहुण्याची छत्री विकायला काढली होती. वाइन ही काही नुसती दारू नव्हे, तिचं वय, तिचं घराणं, हेही मी त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "हे चतुराबाईंना सांगशील?" मी म्हटलं, सांगेन की. त्या बढाईचं फळ मला पुढे मिळालं.

शेवटी लताला विचारलं. ती रडेल म्हणून मी रुमाल घेऊन बसले होते. ती म्हणाली, "बाबांना सांगू दे. नाहीतर सासूबाई मला जन्मभर त्या ढिगाऱ्याची शपथ घालतील, आणि मला हसू येईल." मग हळूच म्हणाली, "पण चंदरला आधी सांगू नका. त्यालाही आईबरोबरच कळू दे." रुमाल मला लागला.

साखरपुड्याच्या दिवशी चतुराबाई नारळ, ओटीचं सामान आणि चार नातेवाईक घेऊन आल्या. पाणीसुद्धा न घेता थेट जिन्याकडे वळल्या. आत्याबाईंनी पाटा मांडूनच ठेवला होता. जयराम आडवे उभे राहिले. हातात कुदळ.

"ताई, नारळ जरा थांबवा. इथे देव नाही."

"नाय कसा?" आत्याबाई म्हणाल्या. "धा वर्सं कुंकू लावते मी!"

"तू लावतेस आत्या, ते खरं आहे. पण खाली बाटली आहे."

"कसली बाटली?" चतुराबाईंनी विचारलं.

"दारूची."

चतुराबाईंनी नारळ खाली ठेवला. आणि, देव मला क्षमा करो, माझ्या तोंडून निघालं, "दारू नाही हो. वाइन. सोतर्न. बोर्दो भागातली फार नावाजलेली—"

"विमल," जयराम म्हणाले, "दारूच."

मी मागे सरले. इतक्या वर्षांत सोतर्नवर बोलायची मला मिळालेली ही सगळ्यात मोठी सभा होती.

जयरामांनी शेंदराचा दगड उचलून आत्याबाईंच्या हातात दिला, माती ओढली, फरशी सरकवली, बाटली काढली, तांब्यातल्या पाण्याने धुतली आणि चतुराबाईंसमोर पाट्यावर आडवी ठेवली. ती कुणी दिली, का दिली, लग्नात उघडायचं कसं कबूल केलं, परमिट कुणाचं, सगळं सांगितलं. आवाज स्टोअरच्या खिडकीतून बोलावं तसा. लता खांबाला धरून उभी होती. चंदर आईकडे बघत होता.

चतुराबाईंनी आधी बाटलीला हात लावला नाही. मग खाली बसल्या, पदराने धरून ती उचलली आणि उजेडाकडे केली. बुचाभोवती नखाने चाचपलं. वाइन मानेत कुठवर आहे ते पाहिलं. उलटी करून तळ पाहिला. बाटली कशी तपासायची हे त्यांना नीट माहीत होतं. घरात पाणी घालून पातळी सारखी करणारा माणूस असला की बाईला ते शिकावं लागतं.

"बूच हाललेलं नाय," त्या म्हणाल्या.

"नाही."

"किती वर्सं झाली?"

"सोळा."

"एक डाव बी नाय?"

"नाही."

"सनासुदीला? कुणी मेलं-गेलं तवा? डोकं फिरलं तवा?"

"ती माझी नाही ना," जयराम म्हणाले. "ठेवायला दिली आहे."

चतुराबाईंनी बाटली परत आडवी ठेवली. सावकाश, मूल ठेवावं तशी.

"माझ्या घरात आलेली भरली बाटली मी दुसऱ्या दिसाच्या सकाळी कंदी पाह्यली नाय," त्या म्हणाल्या. "देवाला तर आमचा मालक बी पानी घालायचा. रोज घालायचा." मग त्यांनी नातेवाइकांकडे वळून बघितलं. "चला, पोरीची ओटी भरायची हाय. बसलात काय?"

लताने तोंडावर हात धरला. मी तोच रुमाल काढला.

"पर ही मांडवात नाय आणायची," चतुराबाई म्हणाल्या. "माझ्या मान्सांनी बाटली बघितली का ती नाव इचारायला थांबायची नाय."

"बरं," जयराम म्हणाले. पण चेहरा पडला.

"मग तुमच्या शब्दाचं काय?"

"तेच कळत नाही."

चतुराबाईंनी बाटलीकडे एकदा बघितलं. "लगीन काय एका दिसाचं असतं व्हय? दिवाळसण झाल्याबिगर लगीन पुरं होत नाय. तवा उघडा. मी बी येते. बघू तरी काय हाय."

नारळाचं काय करायचं, हा प्रश्न आत्याबाईंनी काढला. त्या दगड छातीशी धरून रुसून उभ्या होत्या. "फोडायला आनलेला परत न्यायचा नाय," असं म्हणून चतुराबाईंनी तो तिथेच, रिकाम्या खड्ड्याच्या काठावर फोडला. आत्याबाईंनी लगेच दगड जागेवर ठेवला.

दिवाळसणाला मी सज्ज होते. पाय असलेले काचेचे पेले मागून आणले होते. चवीबद्दल काय बोलायचं ते डायरीत लिहून पाठ केलं होतं : मध, जर्दाळू, केशर, अक्रोड. बूच काढायचं स्क्रूसारखं हत्यार कुणाकडेच मिळालं नाही. कारखान्यातल्या फिटरने दिलेल्या हत्याराने जयरामांनी ते इतक्या जपून काढलं की अर्धं बाहेर आलं आणि अर्धं आत पडलं. मग वाइन चहाच्या गाळणीतून गाळली. रंग लाबोर्दनी सांगितला होता तसा, काळ्या चहाचा.

वास मात्र सगळ्या खोलीत गेला. आत्याबाई आतून म्हणाल्या, "कुणी मुरांब्याची बरणी काढली गं?"

मी पहिला घोट घेतला, मान वर केली, बोलायला तोंड उघडलं आणि मला ठसका लागला. चंदरने पाठीवर थोपटलं. जर्दाळू, केशर, सगळं त्या ठसक्यात गेलं. थोड्या वेळाने जिभेला जे कळलं ते वेगळंच होतं. आईच्या घरी आजाऱ्यासाठी ठेवलेलं, काळं पडलेलं गोड लिंबाचं लोणचं असायचं. आंबट कुठे संपतं आणि गोड कुठे सुरू होतं ते कळायचं नाही, आणि सालीचा किंचित कडवटपणा शेवटी यायचा. तसं. इतकी वर्षं मी फ्रान्सकडे तोंड करून बसले होते आणि चव निघाली इगतपुरीच्या फडताळातली.

जयरामांनी पळीभर घेतली, कारण न चाखता चव कळवणं त्यांच्या दृष्टीने खोटी नोंद झाली असती. जीभ टाळूला लावून बघितली.

"गोड आहे," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि गिळली तरी जात नाही. अजून आहे."

चतुराबाईंनी पेला नुसता नाकाशी धरला. डोळे मिटले. मग मान हलवून तो खाली ठेवला.

"ह्यो वास माझ्या घरातला नाय," त्या म्हणाल्या, आणि निवांत बसून चिवडा खाल्ला.

उरलेली बाटली कुणी घेईना. टाकणं पाप. म्हणून खोकल्यावर चमचा चमचा अशी मीच संपवली. त्या हिवाळ्यात मला खोकला फार झाला. परमिटवर नाव जयरामांचं होतं, प्रकृती माझी.

लाबोर्दना कळवायचं काम माझ्याकडे आलं. शब्दकोश घेऊन आठवडाभर मी फ्रेंच पत्र लिहिलं. लोणच्याला त्यांच्या भाषेत नेमकं काय म्हणावं यावर दोन दिवस गेले. उत्तर इंग्रजीत आलं. त्यांच्या मुलीने लग्न केलंच नव्हतं, करायचा विचारही नव्हता. त्यांची बाटली शहात्तर सालीच संपली होती. न कळवता मेहुणा आला, त्या दिवशी दुकान बंद होतं. चव आता आठवत नव्हती. आणि त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की आमची बाटली ते विमानात बसले त्याच आठवड्यात आम्ही उघडली असेल.

मी संतापले. दुष्काळातली अंघोळ काढली, परमिटची रांग काढली, आत्याबाईंचं कुंकू काढलं. जयरामांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं.

"त्यांची त्यांच्या मालकीची होती," ते म्हणाले. "त्यांनी प्यायली. त्यात काय?" आणि तांब्या घेऊन जिन्याखाली गेले. रांजण रिकामा झाला होता, पण दगडावर पाणी पडलं नाही तर आत्याबाई जेवायच्या नाहीत.

त्या ओलीवर पुढे अळू उगवलं. कुणी लावलं नाही. आत्याबाई गेल्या, चार वर्षांनी जयरामही गेले. अळू मात्र दर वर्षी नव्या जोमाने येतं. पाणी आता मी घालते. चतुराबाई सिन्नरहून आल्या की आधी तिकडे जातात, चार पानं खुडून आणतात आणि मला अळूवड्या करायला लावतात. जास्त पानं घेऊ देत नाहीत.

"ह्या अळूला खाज नाय," त्या दर वेळी सांगतात. "व्याह्यांच्या हातचं पानी प्यालंय."

खाजत नाही, कारण मी चिंचेचा कोळ बेताने नाही, सढळ हाताने घालते. पण ते मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलं नाही.